चार कपाटे आणि एक माप

मी टीकाकार नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी मी चढलो नाही. चित्रकलेची पदविका घेतली आणि एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून चिकटलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन छापून आल्या, एकीची दुसरी आवृत्ती निघाली, एवढेच माझे साहित्यिक भांडवल. एवढ्यावर समीक्षेच्या बाजारात दुकान मांडावे असे मला कधी वाटले नव्हते. पण गेली बारा वर्षे शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, आणि ते काम करताना माझ्या हातून एक चूक झाली. हा लेख त्या चुकीतून निघाला आहे.

आमच्या ग्रंथालयात चार कपाटे आहेत. पहिले कथा-कादंबरीचे, दुसरे व्यवसायाचे, तिसरे आरोग्याचे आणि चौथे विज्ञानाचे. ग्रंथालय शाळेचे असले तरी गावातल्या माजी विद्यार्थ्यांना ते खुले आहे. शनिवारी शाळा सुटली की देवघेव सुरू होते. पहिल्या कपाटातले ‘मृत्युंजय’ मला तीनदा बांधून घ्यावे लागले. दुसऱ्या कपाटापुढे नुकती मिसरूड फुटलेली मुले उभी राहतात, तिसऱ्यापुढे पन्नाशी ओलांडलेली माणसे. चौथ्यापुढे विज्ञान प्रदर्शनाच्या आधीचा आठवडा सोडला तर बहुधा कोणीच नसते.

पुस्तके घेताना माझी रीत अशी होती. कादंबरी घ्यायची तर मी ती आधी मिळवून वाचीत असे, तिच्यावरची परीक्षणे चाळीत असे, मुख्याध्यापकांशी वादही घालीत असे. बाकीच्या तीन कपाटांची पुस्तके मात्र मी यादीवरूनच घेत असे. मथळा बरा दिसला, छपाई स्वच्छ असली, विक्रेत्याने सवलत चांगली दिली, की केली सही. त्या पुस्तकांत काही ‘साहित्य’ नसते, तेव्हा ती वाचून पाहायची कशाला, अशी माझी समजूत. ही समजूत माझ्या एकट्याची आहे असेही नाही. आमची परीक्षणाची पाने पाहा. एखाद्या होतकरू कवीच्या चाळीस पानी संग्रहावर आम्ही दीड स्तंभ लिहितो. आणि ज्या पुस्तकावर विसंबून माणसे औषध घेतात किंवा सोडतात, घर गहाण ठेवतात, त्याची पोच ‘साभार स्वीकार’ या मथळ्याखाली एका ओळीत उरकतो.

सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंनी तिसऱ्या कपाटातले एक पुस्तक नेले. दादांना मधुमेह आहे. पुस्तकाचे नाव मी सांगत नाही. तसली पुस्तके पुष्कळ आहेत, आणि एकाचे नाव घेतले की बाकीची सुटतात. गोळ्यांवाचून, थोड्या दिवसांत, कायमचा गुण, असे त्याच्या मुखपृष्ठावरच लिहिले होते. दादांनी साखर सोडली, पहाटे चालायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर गोळ्याही सोडल्या. पहिले काही आठवडे त्यांना खरोखरच हुशारी वाटली. पुढे त्यांनी रक्त तपासून घेणेही सोडले, कारण शरीर आपले आपण सांगते असे पुस्तकात म्हटले होते. मधुमेहात नेमके हेच घडत नाही. पायाच्या शिरा बधिर होत जातात आणि शरीर सांगेनासे होते. दादांच्या वहाणेत एक खडा होता. तो दिवसभर आत रुतत राहिला आणि त्यांना कळला नाही. जखम चिघळली. शेवटी डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

मी इस्पितळात गेलो तेव्हा रागावूनच म्हणालो, “दादा, निदान डॉक्टरांना एकदा विचारायचे तरी!”

ते शांतपणे म्हणाले, “अरे, पुस्तकावर तुझ्या शाळेचा शिक्का होता.”

त्या रात्री मी ते पुस्तक प्रथमच वाचले. वाचताना मला एका गोष्टीचे फार नवल वाटले. ते आरोग्याचे पुस्तक खरे कसे आहे हे ठरवण्याइतके वैद्यकाचे ज्ञान मला नव्हते, पण दहाव्या पानापर्यंत येता येताच मी ओळखले की ही एक वाईट कादंबरी आहे. तिच्यात एक नायक होता, तो म्हणजे लेखक. एक खलपुरुष होता, तो म्हणजे डॉक्टर. आद्याक्षरांनी ओळखले जाणारे वीस-पंचवीस रोगी होते, आणि ते सगळेच्या सगळे बरे होत होते. एकही मनुष्य अर्ध्यावर उपचार सोडून जात नव्हता, एकाचीही जखम चिघळत नव्हती. अशी कादंबरी पहिल्या कपाटासाठी आली असती तर मी ती हातातून टाकून दिली असती. तिसऱ्या कपाटासाठी आली म्हणून मी तिच्यावर शिक्का मारला.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. चारही कपाटांची पुस्तके स्वतः वाचायची आणि एकाच मापाने मोजायची. हे माप मला समीक्षेच्या ग्रंथांत सापडलेले नाही. ते ड्रॉइंगच्या वर्गातले आहे. सहावीच्या मुलांसमोर मी तांब्या ठेवतो आणि काढायला सांगतो. निम्मी मुले तांब्याचे तोंड वाटोळे काढतात. बसल्या जागेवरून ते लंबगोल दिसत असते. पण तांब्याचे तोंड वाटोळे असते हे मुलाला आधीच ठाऊक असते, आणि ते समोर न बघता ठाऊक असलेले काढते. मी त्याला एवढेच म्हणतो, बाळ, पुन्हा तांब्याकडे बघ. पुस्तकालाही माझा हाच प्रश्न आहे. समोरची वस्तू लेखकाच्या इच्छेच्या आड येते तेव्हा तो काय करतो? वस्तूकडे पुन्हा बघतो, की आपले वाटोळे पुरे करून मोकळा होतो?

पहिल्या कपाटात ह्या मापाला उतरणारी पुस्तके दाखवणे सोपे आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली निघाली. पोरसवदा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा जमवतो, लोकांना उभे करून तालीम बांधवतो. मी स्वतः मास्तर आहे. तालीम उभी राहिली, संस्थानचे राजे येऊन गेले, की पुस्तक तिथेच संपावे असे प्रत्येक वाचनात मला वाटते. माडगूळकर तिथे संपवीत नाहीत. पाऊस दडी मारतो, मेंढरे मरतात, माणसे एकामागून एक वाडी सोडतात, आणि मास्तरही निघतो. मास्तराच्या चांगुलपणाने पाऊस पडत नाही, हे माणदेशाच्या मातीतले सत्य लेखकाने पाहिले आहे आणि त्याला आपल्या सहानुभूतीचा मुलामा दिलेला नाही. उलट आमच्या कपाटात अशाही कादंबऱ्या आहेत की ज्यांत आदर्श शिक्षक गावात आला की शेवटच्या प्रकरणात गावाला रस्ता, वीज आणि पाणी येते. त्यांतली एक माझीच आहे. तिचीच दुसरी आवृत्ती निघाली, हेही कबूल करतो.

दुसऱ्या कपाटाविषयी आम्हा साहित्यिकांच्या मनात उगाच एक अढी आहे. व्यवसाय आणि वाङ्मय ह्यांचे सोवळेओवळे मराठीत मुळात एवढे नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावीनात. पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि त्याच नांगराच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ झाले, त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर वाढल्या. नांगर विकत न घेणाऱ्या शेतकऱ्याला मूर्ख म्हणून चालत नाही. त्याच्या मनातली भीती समजून घ्यावी लागते. हे ज्याला साधले त्याच्याजवळ कथाकाराची अर्धी सामग्री आहे.

आजच्या मुलांच्या हातात जे पुस्तक अधिक दिसते ते मात्र ‘रिच डॅड पुअर डॅड’. रॉबर्ट कियोसाकींचे हे पुस्तक १९९७ साली अमेरिकेत निघाले आणि त्याचा मराठी अवतार आमच्या कपाटात कधी पडूनच राहत नाही. त्यात दोन बाप आहेत. शिकलेला, नोकरी करणारा बाप गरीब राहतो. व्यवहार जाणणारा, मित्राचा बाप श्रीमंत होतो. हा श्रीमंत बाप खरा की रचलेला, ह्याची चर्चा वाचकांत कित्येक वर्षे चालली आहे. मला त्या चर्चेत फारसा रस नाही. रचलेला असला तरी हरकत नाही, आम्हीही बाप रचतोच. माझी तक्रार आहे ती कादंबरीकार म्हणून. ह्या श्रीमंत बापाला कधी खोट येत नाही, त्याचा अंदाज कधी चुकत नाही, आणि शिकलेल्या बापाला एकदाही मनाजोगे उत्तर देऊ दिलेले नाही. त्या बापाजागी मी आहे, म्हणून मला हे जास्त लागले असेल. पण लेखकाच्या स्वतःच्या एका कंपनीला २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, ही गोष्ट ठाऊक झाल्यावर मला वाटते की त्या अनुभवाचे एक खरे प्रकरण साऱ्या उपदेशाहून मुलांच्या अधिक उपयोगी पडले असते.

विठ्ठल कामतांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ ह्या दृष्टीने उजवे आहे. वडिलांच्या उपाहारगृहात वाढलेला मुलगा मुंबईच्या विमानतळाजवळ पर्यावरण सांभाळणारे पंचतारांकित हॉटेल उभारतो, ही त्याची हकीकत. भाषा बोलकी, क्वचित फुशारकीचीही. पण कर्जाने घेरल्यावर मनाची काय अवस्था होते हे लेखक लपवीत नाही, आणि मुदपाकखान्याविषयी तो लिहितो तेव्हा प्रत्यक्ष हात भाजलेला माणूस बोलतो आहे हे कळते. तांब्याकडे पाहून काढलेली रेघ लगेच ओळखू येते.

तरीही ह्या कपाटाची एक मर्यादा कोणत्याच लेखकाला ओलांडता येण्यासारखी नाही. जो तरला तोच आत्मचरित्र लिहितो. त्याच वर्षी, तेवढेच कर्ज काढून, तितकीच पहाटे उठून जो बुडाला त्याचे पुस्तक कोण छापणार? म्हणून दुसरे कपाट एकट्याने वाचणाऱ्याला जगाचा हिशेब चुकीचा कळतो. बुडालेल्यांची वही पहिल्या कपाटात आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवीत खेड्यात परत येतो. १९६३ साली हे पुस्तक आले तेव्हा त्याच्या तिरकस भाषेची बरीच चर्चा झाली. मला आज त्याचे महत्त्व वेगळे वाटते. वडिलांचे पैसे, मुलाची वर्षे, सगळे खर्ची पडते आणि जमेच्या बाजूला काही दिसत नाही. ती वही इतक्या निर्लेपपणे लिहून ठेवण्याचे काम कादंबरीवाचून दुसरे कोण करणार? आमच्या शाळेतून दरवर्षी पन्नास मुले बाहेर पडतात आणि त्यांतली बरीचशी पांडुरंगासारखीच परत येतात. त्यांना श्रीमंत बापाच्या जोडीला ‘कोसला’ मी मुद्दाम देतो.

‘कोसला’तच एक प्रसंग असा आहे की तो कोणत्या कपाटात ठेवावा हा प्रश्न पडतो. पांडुरंगाची धाकटी बहीण देवीच्या साथीत जाते. देवीच्या रोगाविषयी आरोग्याचे पुस्तक सांगते की भारतात तिचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला. विज्ञानाचे पुस्तक सांगते की एडवर्ड जेनरने १७९६ साली लस टोचली आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. दोन्ही माहित्या मोलाच्या आहेत. पण एका पोरीच्या जाण्याने घरातला मुलगा आतून कसा कोसळतो, हे ठाऊक नसेल तर त्या दोन सनांचे मोल वाचकाला कळायचे कसे? आणि ते सन ठाऊक नसतील तर बहिणीचे मरण त्याला निव्वळ दैव वाटत राहील. तिन्ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवूनच हे मरण पुरते वाचता येते.

तिसऱ्या कपाटाकडे आता मी हात धरून गेल्यासारखा जातो. ह्या प्रांतात मराठीत एक फार मोठा माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांनी नोकरीवर पाणी सोडले. १९२७च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांची भाषा कोरडी आणि काटेकोर आहे. वाचकाला बरे वाटावे म्हणून ते एक शब्द जास्त लिहीत नाहीत. त्यांची काही मते आज टिकणार नाहीत. पण गणिताच्या मास्तराने पायरी न गाळता उदाहरण सोडवावे तसे ते लिहितात, त्यामुळे ते कुठे चुकले हे त्यांच्याच लेखनावरून दाखवता येते. आरोग्यावर लिहिणाऱ्याचा हा सर्वांत मोठा गुण होय. दादांच्या पुस्तकात चूक सापडण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

अलीकडच्या पुस्तकांत डॉ. अभय बंग ह्यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ मी दोनदा वाचले. गडचिरोलीत इतरांच्या आरोग्यासाठी झटणारा डॉक्टर चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतः हृदयविकाराने आडवा होतो, आणि हे असे का झाले ह्याचा शोध घेतो. दोषाची यादी तो स्वतःपासून सुरू करतो. सगळे माहीत असून आपण कसे वागलो नाही, धावपळीला आपण सेवा कसे समजत गेलो, हे तो उघड सांगतो. इथे खलपुरुष कोणी नाही, आणि औषधे फेकून द्या असा सल्लाही नाही. माझा आक्षेप उत्तरार्धाला आहे. तिथे चिंतनाचा सूर चढत जातो, आणि एका रोग्याचा अनुभव व सर्वांना लागू पडणारा नियम ह्यांमधली रेघ वाचकाच्या नजरेतून निसटण्याचा संभव आहे. ज्या संशोधकाने अर्भकमृत्यूंचा इतका काटेकोर हिशेब मांडला त्याच्याकडून ती रेघ अधिक ठळक हवी होती. एवढे असूनही पुस्तक मापाला उतरते, कारण लेखकाने पहिल्यांदा स्वतःचीच नाडी पाहिली आहे.

चौथ्या कपाटात डॉ. जयंत नारळीकरांची पुस्तके एका ओळीत आहेत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ ह्या नावाने. आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून हे नाव त्यांनी घेतले होते. नामवंत शास्त्रज्ञाच्या नावाकडे पाहून कोणी गुण देऊ नयेत, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. शिक्का पाहून पुस्तक घेणाऱ्या मला ही गोष्ट फार काही शिकवून गेली. कथाकार म्हणून त्यांचे मोजमाप करायचे तर ‘यक्षांची देणगी’मधली माणसे मला फिकी वाटतात, कल्पना मात्र टवटवीत. पण शास्त्रज्ञ म्हणून त्यांची एक धाटणी मला अधिक मोलाची वाटते. विश्वाचा जन्म एका महास्फोटात झाला हे मत बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. नारळीकरांना ते पटले नाही. फ्रेड हॉइल ह्यांच्याबरोबर त्यांनी वेगळी मांडणी केली आणि २०२५ साली निधन होईपर्यंत शंका सोडली नाही. पुरावा बहुमताकडे झुकत गेला आहे, आणि मुलांना मी तसेच सांगतो. पण बहुमताला विरोध करणे आणि पुराव्याला विरोध करणे ह्यांत फरक असतो. नारळीकर निरीक्षणांच्या मैदानातच लढले. दादांच्या पुस्तकाचा लेखकही स्वतःला बहुमताविरुद्ध उभा राहिलेला वीर म्हणवीत होता, पण मोजण्याची वेळ आली तेव्हा त्याने मोजणेच बंद करायला सांगितले.

२०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले तेव्हा चौथ्या कपाटाला पहिल्याशेजारी जागा मिळाल्याचा मला आनंद झाला. पण मान देणे आणि वाचणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या. विज्ञानाच्या, आरोग्याच्या, व्यवसायाच्या पुस्तकांवर आपल्या मासिकांत कादंबरीइतकेच कठोर परीक्षण येईल तेव्हा मी खरे समजेन. त्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञच हवा असे नाही. तज्ज्ञाने माहिती तपासावी हे उत्तमच. पण ज्याला गोष्टीतला बनाव ओळखता येतो त्यानेही हात झटकू नयेत. रोगी सगळेच बरे होतात, धंदे सगळेच चालतात, गावाला शेवटी पाणी येतेच, हा एकच बनाव तिन्ही कपाटांत वेगवेगळ्या वेषांत वावरतो आहे.

यंदाच्या खरेदीत मी यादीतली नऊ पुस्तके खोडली. पैकी चार आरोग्याची, तीन व्यवसायाची आणि दोन कादंबऱ्या. आरोग्याच्या प्रत्येक पुस्तकात आतल्या पानाला आता एक चिठ्ठी डकवतो: लेखक कोण, पुस्तक कोणत्या साली लिहिले, आणि औषध बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. मुख्याध्यापक म्हणाले, शोभत नाही. मी डकवतोच.

गेल्या शनिवारी दादा काठी टेकीत आले आणि बंगांचे पुस्तक मागून घेतले. पहिले पान उघडून त्यांनी चिठ्ठी वाचली, शिक्का पाहिला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“हे तू वाचलेस का?”

“वाचले. दोनदा.”

“बरे,” ते म्हणाले, आणि देवघेवीच्या वहीत त्यांनी सही केली.